तटीय शोध-बचाव हेलिकॉप्टरचे सुटे भाग: चेतकच्या आधारे आखणी कशी करावी

१७ जून २०२१ रोजी रेवदंड्याजवळ 'मंगलम' हे मालवाहू जहाज बुडू लागले, तेव्हा त्यावरील १६ खलाशांच्या सुटकेसाठी तटरक्षक दलाचे 'सुभद्रा कुमारी चौहान' हे जहाज दिघीहून निघाले आणि दोन चेतक हेलिकॉप्टरे दमणहून आली. दमण ते रेवदंडा हे अंतर सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटर आहे, म्हणजे चेतकच्या वेगाने तासाभराहून थोडे अधिक. अशा कामगिरीत प्रत्यक्ष माणसे उचलण्याची मिनिटे थोडी आणि जाण्यायेण्याचा वेळ जास्त असतो. भागांची झीज मात्र त्या सगळ्या वेळात होत राहते, म्हणून भांडाराचा हिशोब बचावाच्या मिनिटांवर न करता संपूर्ण उड्डाणावर करावा लागतो.

हा लेख विमान-देखभालीचे विद्यार्थी, भांडार सांभाळणारे कर्मचारी आणि किनाऱ्यावर हेलिकॉप्टर चालवणाऱ्या लहान संस्था यांच्यासाठी आहे. उदाहरण म्हणून चेतक घेतले आहे, कारण आपल्या किनाऱ्यावर ते दीर्घकाळ वापरात आहे आणि जुन्या यंत्राच्या सुट्या भागांचे जवळपास सर्व प्रश्न त्यात एकत्र सापडतात. येथे सांगितलेली पद्धत इतर हेलिकॉप्टरांनाही लागू पडते. आकडे मात्र ज्याने त्याने आपल्या यंत्राच्या नियमपुस्तिकेतून घ्यावेत.

आधी यंत्राची ओळख

चेतक म्हणजे मूळचे फ्रेंच 'अलूएत ३'. त्याचे पहिले उड्डाण १९५९ साली झाले, आणि परवान्याखाली हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बंगळुरात बांधलेले पहिले यंत्र १९६५ साली उडाले. तटरक्षक दलाने आपले पहिले हवाई पथक १९८२ साली गोव्यात उभे केले, ते चेतकांचेच. तीन पात्यांचा मुख्य रोटर, तीन पात्यांचा शेपटीचा रोटर, आत न ओढली जाणारी तीन चाके, एक वैमानिक आणि सहा माणसांची जागा, सुमारे २,२०० किलो कमाल उड्डाणभार आणि एकच आर्तूस्त ३-बी इंजिन, अशी त्याची रचना आहे. बाजूला बसवायच्या विंचची, म्हणजे माणसांना तारेने वर ओढून घेणाऱ्या यंत्राची, क्षमता १७५ किलो असल्यामुळे बचावकर्ता आणि वाचवलेला माणूस एकाच खेपेत वर घेता येतात.

यातल्या दोन गोष्टींचा भांडाराशी थेट संबंध आहे. पहिली म्हणजे इंजिन मुळात सुमारे ८७० अश्वशक्तीचे असून या यंत्रात ते ५७० अश्वशक्तीपुरतेच वापरले जाते. हाताशी शक्ती शिल्लक असल्यामुळे कॉम्प्रेसरवर, म्हणजे इंजिनात हवा दाबून सोडणाऱ्या भागावर, मीठ साचू लागले तरी वैमानिकाला शक्तीची उणीव लगेच जाणवत नाही. तेवढ्याच शक्तीसाठी तापमान हळूहळू वाढत जाते, आणि ही वाढ केवळ नोंदवहीत दिसते. दुसरी म्हणजे चीता हेलिकॉप्टर. त्याचा सांगाडा वेगळा असला तरी इंजिन आणि रोटर-प्रणाली चेतकच्याच कुळातली आहे. सियाचीनसारख्या उंचीवर काम करणारे चीता आणि कोकण किनाऱ्यावर उडणारे चेतक एकाच उत्पादकाच्या, एकाच दुरुस्तीशाळेच्या रांगेत उभे असतात. त्यामुळे आपल्या मागणीला किती वेळ लागेल याचा अंदाज केवळ आपल्या ताफ्याकडे पाहून बांधणे धोक्याचे ठरते.

पायरी पहिली: कामगिरी निश्चित करून यादी उलटीकडून लिहावी

बहुतेक ठिकाणी सुट्या भागांची यादी उत्पादकाच्या शिफारशीवरून सुरू होते. ती शिफारस सर्वसाधारण वापरासाठी असते. तिच्यात इंजिन, गिअरबॉक्स, पाती यांना मानाचे स्थान असते आणि विंच, तरंगफुगे (पाण्यावर उतरावे लागल्यास यंत्र तरंगत ठेवणारे फुगे), बीकन (संकटाचा संदेश पाठवणारे उपकरण), जीवनरक्षक जॅकेट यांचा उल्लेख शेवटी येतो किंवा येतच नाही, कारण ही सामग्री बऱ्याचदा वेगळ्या उत्पादकाची असते. बचाव-हेलिकॉप्टरसाठी हा क्रम उपयोगाचा नाही. उड्डाणास योग्य असलेले, पण विंच बंद पडलेले यंत्र समुद्रावर केवळ शोध घेऊ शकते, बचाव करू शकत नाही.

म्हणून प्रथम एका कागदावर कामगिरी लिहून काढावी: किनाऱ्यापासून किती अंतरापर्यंत जायचे, दिवसाच की रात्रीही, एका खेपेत किती माणसे, तळ जमिनीवर की जहाजावर, आणि सूचना मिळाल्यावर किती मिनिटांत उडायचे. नंतर प्रत्येक भागाला तीन प्रश्न विचारावेत. हा नसेल तर उड्डाण थांबते का? उड्डाण चालू राहून बचाव थांबतो का? की दोन्ही चालू राहून काही मर्यादा येते? या उत्तरांवरून तीन याद्या तयार होतात, आणि दुसऱ्या यादीला पहिलीइतकेच प्राधान्य द्यावे, असा माझा स्पष्ट आग्रह आहे. एक इंजिन असलेले यंत्र खोल पाण्यावर नेताना आपत्कालीन तरंगफुगे चालू स्थितीत असणे मी पहिल्याच यादीत धरतो, कारण इंजिन बंद पडल्यास त्या यंत्राला पाण्यावर उतरण्यावाचून दुसरा मार्ग नसतो.

पायरी दुसरी: आपल्या यंत्राचे नेमके रूप नोंदवावे

एकाच नावाची दोन हेलिकॉप्टरे आतून सारखी असतात, हा समज पहिल्या आठवड्यातच सोडून द्यावा. दीर्घ उत्पादनकाळात भाग बदलत गेलेले असतात, दुरुस्तीच्या वेळी सुधारणा झालेल्या असतात, रेडिओ आणि विंच नंतर बसवलेले असतात. प्रत्येक यंत्राच्या अनुक्रमांकापुढे बसवलेल्या प्रमुख जोडण्यांचे (एकत्र बसवून एकच भाग म्हणून बदलल्या जाणाऱ्या संचांचे) भागक्रमांक, त्यांचे स्वतंत्र अनुक्रमांक आणि अंमलात आलेल्या सुधारणा अशी नोंद करावी. ही नोंद कागदपत्रांवरून नव्हे, तर यंत्रासमोर उभे राहून, भागावरील पट्टी वाचून करावी, आणि मगच कागदाशी ताडून पाहावी. दोन्हींत फरक आढळला तर तो मिटेपर्यंत त्या भागाची मागणी पाठवू नये.

सचित्र भाग-सूचीत भागक्रमांकाच्या शेवटी येणारे अक्षर किंवा आकडा दुर्लक्षित केला जातो. तो बहुधा सुधारित आवृत्ती दाखवतो. नवी आवृत्ती जुन्याच्या जागी बसते, पण जुनी आवृत्ती नव्याच्या जागी चालत नाही, असे एकमार्गी नाते अनेकदा असते. सूचीत ज्या पर्यायी भागाला स्पष्ट मान्यता आहे तोच पर्याय समजावा. 'आकार तोच आहे, बसतोय' हे कारण मोटारीच्या गॅरेजमध्ये चालते, येथे चालत नाही.

पायरी तिसरी: आयुष्य कोणत्या मापाने संपते ते पाहावे

काही भागांचे आयुष्य उड्डाण-तासांनी मोजतात, काहींचे दिनदर्शिकेने, काहींचे आवर्तनांनी, म्हणजे इंजिन किती वेळा सुरू झाले किंवा विंचने किती वेळा भार उचलला यांनी. काही भाग तपासणीत योग्य ठरतील तोवर वापरता येतात. शिवाय न वापरता भांडारात पडून राहण्याचीही मुदत असते, आणि ही मुदत यंत्रावर चढल्यानंतरच्या आयुष्यापेक्षा वेगळी असते.

बचाव-हेलिकॉप्टर वाट पाहण्यात जास्त काळ घालवते, त्यामुळे त्याचे तास कमी भरतात आणि दिनदर्शिका पुढे निघून जाते. समजा एखाद्या जोडणीची मुदत ४०० तास किंवा दोन वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते, अशी आहे. महिन्याला १५ तास उडणाऱ्या यंत्रावर दोन वर्षांत ३६० तासच होतात. म्हणजे तास शिल्लक असताना जोडणी उतरवावी लागते. प्रशिक्षणासाठी महिन्याला ४० तास उडणाऱ्या यंत्रावर तीच जोडणी दहा महिन्यांत तासांनी संपते. या दोन यंत्रांचे भाग एकाच नियमाने मागवले, तर एकाकडे साठा कुजतो आणि दुसरे जमिनीवर उभे राहते. प्रत्येक भागापुढे 'तास' आणि 'तारीख' असे दोन रकाने ठेवून, येत्या १८ महिन्यांत कोणता आधी संपणार आहे ते दर महिन्याला तपासावे.

रबराच्या भागांवर अनेकदा निर्मितीचे वर्ष आणि तिमाही छापलेली असते. ते भाग आलेल्या क्रमाने नव्हे, तर मुदत संपण्याच्या क्रमाने बाहेर काढावेत. नंतर आलेल्या पाकिटाची मुदत आधी संपत असल्याचे पुष्कळदा आढळते.

पायरी चौथी: किती भाग ठेवायचे

येथे थोडे गणित करावे लागते, आणि ते टाळले की निर्णय आठवणींवर होतो. मागच्या पावसाळ्यात जो भाग अडला, त्याचे पाच नग मागवले जातात आणि पुढच्या पावसाळ्यात दुसराच अडतो.

मागणीचे दोन प्रकार वेगळे करावेत. मुदत संपल्यामुळे उतरवायचे भाग आधीच माहीत असतात. त्यांची फक्त तारीखवार यादी हवी. अचानक बिघडणाऱ्या भागांसाठी तीन आकडे लागतात: ताफ्याचे मासिक तास, त्या भागाच्या दोन अनपेक्षित काढण्यांमधील सरासरी तास, आणि फेरीचा काळ, म्हणजे भाग यंत्रावरून उतरवल्यापासून दुरुस्त होऊन परत हाती येईपर्यंतचा काळ. उदाहरणादाखल चार यंत्रे, प्रत्येकी महिन्याला ३० तास, असे १२० तास धरू. भाग सरासरी ६०० तासांनी बिघडतो आणि दुरुस्त होऊन यायला पाच महिने लागतात असे मानू. पाच महिन्यांत ताफा ६०० तास उडतो, म्हणजे एक भाग बाहेर असतानाच्या काळात सरासरी एक मागणी येते.

सरासरी एक म्हणून एक नग पुरेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बिघाड सरासरी पाहून येत नाहीत. अचानक घडणाऱ्या, एकमेकांवर अवलंबून नसलेल्या घटनांसाठी वापरल्या जाणाऱ्या पॉइसाँच्या वितरणानुसार त्या काळात एकही मागणी न येण्याची शक्यता ३७ टक्के, एक किंवा त्याहून कमी मागणी येण्याची ७४ टक्के, दोनपर्यंतची ९२ टक्के आणि तीनपर्यंतची ९८ टक्के असते. म्हणजे एकच नग ठेवला तर सुमारे चारांतल्या एका खेपेला यंत्र भागावाचून उभे राहील. दुसरा नग घेतला की हा धोका ८ टक्क्यांवर येतो. तिसऱ्याने तो २ टक्क्यांवर येतो. तिसऱ्या नगाचे पैसे खर्च करावेत की नाही, याचे उत्तर पहिल्या पायरीतल्या यादीत आहे: पहिल्या दोन यादींतला भाग असेल तर करावेत, तिसऱ्या यादीतला असेल तर एका नगावर भागवावे.

याच गणितातून आणखी एक गोष्ट दिसते. फेरीचा काळ पाच महिन्यांवरून अडीचवर आणला, तर सरासरी मागणी अर्धी होते आणि एकाच नगात सुमारे ९१ टक्के खात्री मिळते. नवा नग विकत घेण्यापेक्षा बिघडलेला भाग त्याच आठवड्यात, पूर्ण कागदपत्रांसह दुरुस्तीशाळेकडे रवाना करणे पुष्कळ स्वस्त पडते. आपल्याच कोठीत 'पाठवायचे आहे' असे लिहिलेल्या पेटीत दोन महिने पडून राहिलेला भाग हा फेरीच्या काळाचाच हिस्सा असतो, आणि तो आपल्या हातातला हिस्सा असतो.

या हिशोबावर ऋतूचा थर चढवावा लागतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळे आषाढात मच्छीमार नौका कमी. पण टग, बार्ज आणि मालवाहू जहाजे याच सुमारास संकटात सापडतात. ४ ऑगस्ट २०११ रोजी मुंबईजवळ 'राक कॅरियर' बुडाले, मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबई हायच्या परिसरात बार्ज भरकटले, जुलै २०२४ मध्ये अलिबागजवळ अडकलेल्या बार्जवरून १४ जणांना तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरने उचलले. बंदी उठल्यावर आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास नौका पुन्हा दर्यात उतरतात, तेव्हा समुद्र अजून पुरता शांत झालेला नसतो. म्हणून मोठ्या तपासण्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उरकाव्यात, मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत साठा पूर्ण असावा, आणि जून ते सप्टेंबर या काळात ज्या भागाची मुदत संपणार आहे तो आधीच बदलून टाकावा. त्यात काही तास वाया गेले तरी चालेल.

पायरी पाचवी: मिठाचा हिशोब

पुष्कळ भाग बिघाडाने नव्हे तर खाऱ्या हवेने जातात, हे किनाऱ्यावर काम करणाऱ्यास वेगळे सांगायला नको. त्यामागचे कारण मात्र समजून घेण्यासारखे आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी शोषून स्वतःच विरघळते. कोकणात पावसाळाभर आर्द्रता बहुतांश वेळ त्याहून अधिक असते. म्हणजे धातूवर बसलेला मिठाचा अदृश्य थर तेव्हा कोरडा राहतच नाही. तो सतत खारट पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, आणि दोन निरनिराळे धातू जेथे एकमेकांना टेकतात तेथे तो बॅटरीसारखे काम करतो. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे कवच आणि पोलादी बोल्ट ही त्यातली सर्वांत वाईट जोडी. तेथे रंगाचा टवका उडालेला दिसला की त्याच दिवशी तो झाकावा, आणि बोल्ट बसवताना नियमपुस्तिकेने सांगितलेले सीलंट लावूनच बसवावा.

समुद्रावरच्या दिवसाच्या शेवटच्या उड्डाणानंतर यंत्र गोड्या पाण्याने धुवावे, आणि इंजिनाचा कॉम्प्रेसर क्षारविरहित पाण्याने, इंजिनाच्या पुस्तिकेतील पद्धतीने धुवावा. विहिरीचे किंवा टँकरचे पाणी कॉम्प्रेसरसाठी वापरू नये; त्यातले क्षार पात्यांवरच राहतात. धुण्याआधीचे आणि नंतरचे तापमान ठरावीक शक्तीवर नोंदवले, तर इंजिन कधी उतरवावे लागेल याचा अंदाज काही आठवडे आधी येतो, आणि तेवढ्या काळात पर्यायी इंजिन मागवता येते.

भांडारालाही हेच नियम लागू आहेत. खोली समुद्राकडे दार नसलेली, वातानुकूलित आणि आर्द्रता मोजणारे यंत्र लावलेली असावी. बेअरिंग मूळ तेलकट वेष्टनातच ठेवावे, ते बसवण्याच्या क्षणापर्यंत उघडू नये आणि उघड्या हाताने धरू नये, कारण घामातले मीठही तेच काम करते. पाकिटातली सिलिका जेल निळ्याची गुलाबी झाली की बदलावी. रबराचे भाग २५ अंश सेल्सिअसच्या खाली, अंधारात, न ताणता, न दुमडता, आणि ठिणगी पाडणाऱ्या विजेच्या मोटारींपासून लांब ठेवावेत, कारण अशा मोटारींतून ओझोन निघतो आणि ओझोनने रबराला भेगा पडतात. निकेल-कॅडमियम आणि शिसे-आम्ल बॅटऱ्या एका खोलीत चार्ज करू नयेत. आम्लाच्या वाफा अल्कली बॅटरीचे नुकसान करतात.

पायरी सहावी: विंच, फुगे आणि बीकन

विंचची तार साधारण पाच मिलिमीटर जाडीची, न पिळवटणाऱ्या विणीची, गंजरोधक पोलादाची असते. तिच्यावर माणसाचा जीव टांगलेला असल्याने तिचा एक तरी पूर्ण संच, म्हणजे तार, आकडी, आकडीची फिरती बेअरिंग आणि टोकाची जोडणी, प्रत्येक तळावर असावाच. प्रत्येक वापरानंतर तार पूर्ण बाहेर काढून गोड्या पाण्याने धुवावी, कापडाने पुसत पूर्ण लांबी तपासावी आणि कोरडी करूनच, टोकाला थोडा भार ठेवून, पुन्हा गुंडाळावी. तुटलेला धागा कापडात अडकतो, त्यामुळे डोळ्याला न दिसलेला दोषही सापडतो. हातात जाड मोजे मात्र हवेतच. तारेची वीण पिंजऱ्यासारखी फुगलेली, एखाद्या जागी चपटी झालेली किंवा गाठ पडून सरळ केलेली दिसली, तर मोजमापांची वाट न पाहता ती बाद करावी. तारेला तेल-ग्रीस लावावे की नाही हे त्या विंचच्या पुस्तिकेवर अवलंबून असते. सवयीने लावू नये.

तार कशाततरी अडकली तर ती तोडण्यासाठी विंचमध्ये स्फोटक काडतुसाचा कटर असतो. या काडतुसाला साठवणुकीची एक आणि बसवल्यानंतरची दुसरी मुदत असते, त्याची वाहतूक स्फोटक म्हणून होते, आणि त्यामुळे ते इतर भागांसारखे चार दिवसांत हाती येत नाही. मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी मागणी घालावी, वेगळ्या कुलूपबंद पेटीत ठेवावे, आणि केबिनमध्ये ठेवायचा हातकटरही गंजलेला नाही ना, ते पाहावे. हे साधे, स्वस्त हत्यार यादीतून सर्वाधिक वेळा सुटते.

बचाव-पट्टा, टोपली, स्ट्रेचर यांच्या शिवणी उन्हाने आणि मिठाने कमजोर होतात. दोरा फिका पडलेला किंवा कडक झालेला दिसला की पट्टा प्रशिक्षणालाही देऊ नये, कारण प्रशिक्षणात टांगलेला माणूसही तेवढ्याच उंचीवर असतो.

तरंगफुग्यांच्या गॅस-बाटलीचा दाब वाचताना त्या वेळचे तापमान लिहून तक्त्याशी ताडावा. सकाळी 'कमी' आणि दुपारी 'बरोबर' दाखवणारी बाटली अनेकदा ठीक असते, आणि कधी खरोखर गळतही असते, ते तक्त्यावरूनच कळते. बाटलीच्या जलदाब-चाचणीची तारीख आणि फुग्याच्या कापडाची तारीख सहसा जुळत नाही. म्हणून दोन्हींच्या जोडीचा एक राखीव संच ठेवण्यापेक्षा स्वतंत्र राखीव बाटली आणि स्वतंत्र राखीव फुगा ठेवणे सोयीचे पडते.

४०६ मेगाहर्ट्झच्या बीकनमध्ये त्या यंत्राची सांकेतिक ओळख भरलेली असते. राखीव बीकन तसाच बसवला तर उपग्रहामार्फत पोहोचणारा संकट-संदेश दुसऱ्याच हेलिकॉप्टरचे नाव सांगेल. म्हणून बसवण्याआधी ओळख बदलणे आणि नोंदणी अद्ययावत करणे हा त्या भागबदलाचाच टप्पा मानावा. बीकन, पाण्याखालचा ३७.५ किलोहर्ट्झचा ध्वनिसंकेतक आणि जॅकेटांवरचे दिवे यांच्या बॅटऱ्यांच्या तारखा एकाच फळ्यावर लिहून ठेवाव्यात.

पायरी सातवी: कागद

प्रमाणपत्राशिवायचा भाग धातूचा तुकडा आहे, मग तो कितीही चकचकीत असो. लष्करी आणि तटरक्षक यंत्रांच्या बाबतीत गुणवत्तेची खातरजमा डीजीएक्यूए आणि उड्डाणयोग्यतेची मान्यता सेमिलॅक या संरक्षण मंत्रालयाच्या संस्थांच्या कक्षेत येते; नागरी नोंदणीच्या हेलिकॉप्टरला डीजीसीए या नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाचे नियम आणि सीए फॉर्म १ सारखे प्रमाणपत्र लागते. एका व्यवस्थेतला भाग दुसऱ्या व्यवस्थेत आपोआप चालत नाही.

भाग आल्यावर तो थेट फळीवर जाऊ नये. प्रथम तो वेगळ्या, कुलूपबंद जागेत ठेवावा. वेष्टन, भागक्रमांक, अनुक्रमांक, प्रमाणपत्रावरील क्रमांक, उरलेले तास व मुदत आणि दुरुस्ती-अहवाल हे सर्व जुळल्यावरच साठ्यात घ्यावा. आयुष्य ठरलेल्या भागाच्या बाबतीत, म्हणजे पाती, रोटर-शीर्षाचे भाग, इंजिनाच्या चकत्या यांच्या बाबतीत, निर्मितीपासूनचा सलग इतिहास मागावा. मधले दोन वर्षांचे पान हरवले असेल, तर त्या भागाचे उरलेले आयुष्य शून्य धरावे. विक्रेता ओळखीचा आहे, किंमत बाजारभावाच्या निम्मी आहे आणि भाग 'आजच मिळतो आहे', अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की तपासणी दुप्पट कडक करावी.

पायरी आठवी: दुसऱ्या यंत्राचा भाग काढणे

जुन्या ताफ्यात एका उभ्या यंत्राचा भाग दुसऱ्याला लावण्याची वेळ येते. ते सरसकट निषिद्ध मानण्यात अर्थ नाही; पण त्याला शिस्त हवी. लेखी परवानगी, भाग काढताना आणि बसवताना दोन्ही यंत्रांच्या नोंदवहीत अनुक्रमांकासह नोंद, काढलेल्या जागी नळ्या आणि तारांची तोंडे बंद करणे, आणि उभ्या यंत्रासाठी त्याच दिवशी नवी मागणी, हे चार टप्पे एकही न गाळता पार पाडावेत. शेवटचा टप्पा गाळला जातो, आणि सहा महिन्यांनी उभे यंत्र इतके पोखरलेले असते की ते परत उडवायचे तर नव्याने उभारावे लागते. शिवाय या पद्धतीत एका बिघाडासाठी भाग दोनदा काढावा आणि दोनदा बसवावा लागतो. मनुष्यतास दुप्पट होतात आणि हाताळणीत नुकसान होण्याची शक्यताही वाढते. सेवानिवृत्त होणारे यंत्र मात्र भागांचा चांगला स्रोत असते, पण ते उन्हापावसात उभे करण्याआधी, कागदपत्रे ताजी असतानाच, त्यातले उपयोगी भाग काढून संरक्षक लेप देऊन ठेवावेत.

गस्ती जहाजावर हेलिकॉप्टर जाते तेव्हा सोबतची पेटी लहानच असावी लागते. तेथे मोठ्या जोडण्यांना जागा नसते. विंचचे लहान भाग, टायर, फिल्टर, सील, रेडिओची एक पर्यायी पेटी, इग्निटर, दिवे, मंजूर तेले आणि सीलंट, गोड्या पाण्याने धुण्याची सोय, एवढे पुरेसे होते. परत आल्यावर पेटीतले काय वापरले गेले आणि काय तसेच परत आले याची यादी करावी. तीनचार फेऱ्यांनंतर पेटी आपोआप नेमकी होत जाते.

पायरी नववी: दोष सगळ्या ताफ्यात असेल तेव्हा

वरचे सगळे गणित प्रत्येक बिघाड स्वतंत्र आहे असे मानते. दोष रचनेत किंवा निर्मितीच्या एखाद्या खेपेत असेल, तर राखीव साठ्याचा काहीच उपयोग होत नाही, कारण तोही त्याच खेपेचा असतो. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदर येथे तटरक्षक दलाचे ध्रुव हेलिकॉप्टर कोसळून तिघांचा मृत्यू झाला. तपासात स्वॅशप्लेटचा, म्हणजे रोटरच्या पात्यांचा कोन बदलणाऱ्या चकतीचा, भंग समोर आला आणि ध्रुवांचा ताफा महिनोन्महिने जमिनीवर राहिला. अशा वेळी भांडाराचे काम उलट दिशेचे असते. संबंधित भागक्रमांक आणि खेप कोणत्या फळीवर, कोणत्या यंत्रावर, कोणत्या दुरुस्तीशाळेत आहे हे तासाभरात सांगता आले पाहिजे, आणि ते भाग लाल पट्टी लावून ताबडतोब वेगळे काढले पाहिजेत. हे जमण्यासाठी साठ्याची नोंद केवळ भागक्रमांकाने न ठेवता खेपेच्या क्रमांकानेही ठेवावी लागते. संगणकीय नोंदीत हा रकाना असतो. तो बहुधा रिकामा असतो. दर तिमाहीला एक भाग निवडून त्याची खेप शोधण्याचा सराव करावा. ताफा दोन प्रकारच्या यंत्रांचा असेल तर एक प्रकार थांबल्यावर दुसऱ्याचे तास एकदम वाढतात, म्हणून चौथ्या पायरीतले गणित दीडपट तासांवर पुन्हा करून ठेवावे.

पायरी दहावी: बाद भाग

आयुष्य संपलेला भाग कोठीत ठेवू नये आणि भंगारात अखंड देऊ नये. रंगवून, पॉलिश करून, खोट्या कागदासह तो पुन्हा बाजारात येऊ शकतो. पाती आडवी कापावीत, दातेरी चाकांचे दात घासून काढावेत, बेअरिंगच्या कड्या फोडाव्यात, आणि ओळखपट्टी काढून नोंदवहीत चिकटवावी. काडतुसे आणि गॅस-बाटल्या या रांगेत येत नाहीत. काडतुसे स्फोटकांची विल्हेवाट लावण्यास अधिकृत असलेल्यांकडेच सोपवावीत, आणि बाटली रिकामी करून तिची झडप काढल्यानंतरच कापावी. कापण्याच्या वेळी भांडाराचा आणि गुणवत्ता विभागाचा असे दोन माणसे हजर असावेत, दोघांच्या सह्या आणि भागाचा अनुक्रमांक दिसेल असे छायाचित्र बाद-प्रमाणपत्राला जोडावे, आणि मगच त्या अनुक्रमांकाची नोंद बंद करावी.